न्यू जर्सीत अंगणातला किवीबेरीचा वेल ५ वर्षांचा झाला, फळ धरत नाही. कोणतं खत घालू?

खत राहू द्या. किवीबेरीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा, फळ मादीवर येतं, पण जवळ नर हवा. मेअखेरीस वेल फुलला की फूल हातात घेऊन बघा. मादी फुलाच्या मधोमध हिरवी गोल गाठ आणि तिच्या डोक्यावर पांढऱ्या तंतूंची चांदणी असते. नरात नुसते काळपट परागकोश. मादीलाही ते असतात, पण त्यातले पराग वांझ. लोक फसतात ते इथेच. एक नर ६ ते ८ माद्यांना पुरतो. बाजारातल्या मोठ्या केसाळ किवीचा नर लावू नका, तो उशिरा फुलतो. 'इस्साई' ही जात नराशिवाय एकटी फळते म्हणून खपवतात. फळते, पण बेताचीच, आणि वेलही नाजूक. त्यापेक्षा 'अनानास्नाया' ही मादी जात घ्या, सोबत किवीबेरीचाच नर.

नर असूनही फळ नाही? मग छाटणी चुकतेय. इथल्या मराठी बागवाल्यांशी माझा हा जुना वाद आहे. "वेलच तो, वाढू दे की!" म्हणे. द्राक्षाच्या गावचे लोक असं बोलतात याचं नवल वाटतं. जंगलात हा वेल उंच झाडांचे शेंडे गाठतो, तुमच्या कुंपणाचं काय घेऊन बसलात! खोड एकच ठेवा, ६ फुटांपर्यंत सरळ. तिथून मांडवाच्या मधल्या तारेवर दोन बाजूंना दोन ओलांडे, म्हणजे कायमच्या आडव्या फांद्या, आणि ओलांड्यावर दर ८-१२ इंचांवर एक काडी, म्हणजे गेल्या वर्षी वाढलेली फांदी. गेल्या वर्षीच्या काडीतून यंदा निघालेल्या फुटीवरच फळ येतं. म्हणून मादीची छाटणी जानेवारी-फेब्रुवारीत, आणि गेल्या वर्षीची सुमारे ७० टक्के वाढ काढायची. हात थरथरतो, तरी काढायची. मार्चमध्ये कापलंत तर जखमेतून रस गळत राहतो. नर मात्र फुलं गळाल्यावर छाटायचा, आधी छाटलात तर परागच गेले. उन्हाळ्यात दोन-तीनदा शेंडे मारायचे.

मांडवाला टी आकाराचे खांब, वरची आडवी पट्टी ५ फूट, तार १२.५ गेजची. दुकानातली शोभेची लाकडी जाळी नको. भरल्या वेलावर ५० पौंड फळ लटकतं.

हां, तुमचा वेल अजून फुललाच नसेल तर थोडं थांबा, काही वेल वेळ घेतात. आणि झोपलेला वेल उणे ३० सेल्सिअस सोसतो, पण एप्रिलमधली कोवळी फूट उणे २ लाही करपते. फ्रॉस्टच्या रात्री चादर टाका. घरात मांजर असेल तर बुंध्याला जाळी, वासाने ती वेडी होतात.

खताचं म्हणाल तर मुळं वरवर असतात, लगेच जळतात. वसंतात थोडं कंपोस्ट, बस्स. नायट्रोजन ओताल तर नुसती पानं मोजत बसाल.