व्हेअरफोर म्हणजे ‘कुठे’ नव्हे

प्रश्न: व्हेन्स, व्हिदर, व्हेअरफोर, हेन्स, देन्स, हिदर हे जुने इंग्रजी शब्द मला सारखेच वाटतात. त्यांचे अर्थ काय आणि ते आले कुठून?

उत्तर:

बाकीचे शब्द पटकन उरकते, कारण मला बोलायचंय ते व्हेअरफोरबद्दल.

खरं तर मराठी माणसाने यात अडायला नको. हिअर, देअर, व्हेअर म्हणजे इथे, तिथे, कुठे. हिदर, दिदर, व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, कुणीकडे. त्यात जाण्याची दिशा आली. हेन्स, देन्स, व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, कुठून. त्यांच्या शेवटचा ‘स’ मुळात षष्ठीचा, वन्स आणि ट्वाइसमध्ये आहे तोच. व्हेअर-व्हेन्समधला ‘व्ह’ जुन्या इंग्रजीत ‘ह्व’ होता. त्याच्याही मागे गेलात तर आपला ‘क’ भेटतो: कः, कुत्र, कदा. देअर-देनमधला ‘द’ म्हणजे तत्र-तदामधला ‘त’. संस्कृतचा अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्या समान मुळाबद्दल बोलला, त्याचा घरबसल्या पडताळा घ्यायचा तर हे शब्द पुरतात.

आता व्हेअरफोर. शेक्सपिअरची ज्युलिएट सज्जात येऊन म्हणते, ‘ओ रोमिओ, रोमिओ, व्हेअरफोर आर्ट दाउ रोमिओ?’ (आर्ट म्हणजे आहेस, दाउ म्हणजे तू. हा दाउ आणि आपला तू सख्खे चुलत.) बहुतेकांना वाटतं, ती त्याला शोधतेय.

नववीत असताना स्नेहसंमेलनात मी ज्युलिएट होते. दोन बाकांवर टेबल चढवलेलं, त्याला आईची हिरवी साडी गुंडाळलेली, झाला सज्जा. इंग्रजीच्या सरांनी सांगितलं, उजवा हात कपाळावर आडवा धर, लांब बघ, कुठे गेला हा, असा चेहरा कर. मी घरी आरशासमोर तेच करत बसले होते. आजोबा कोर्टाच्या आवारात टाइपरायटर घेऊन बसायचे, अर्ज टाइप करून द्यायचे. त्यांनी विचारलं, ‘हात कशाला वर नेतेस?’ मी म्हटलं, रोमिओला शोधतेय.

‘अगं, हा माझा रोजच्या पोटापाण्याचा शब्द,’ ते म्हणाले. अर्जात आधी सगळी हकिकत यायची आणि शेवटच्या परिच्छेदाला ‘व्हेअरफोर’ टाइप केलं की पुढे मागणं. ‘देअरफोर म्हणजे म्हणून. व्हेअरफोर म्हणजे का म्हणून. ती पोरगी विचारतेय, तू रोमिओ का म्हणून? दुसऱ्या कुणाच्या घरात जन्मला असतास तर काय बिघडलं असतं?’

दुसऱ्या दिवशी मी हे सरांना सांगितलं. सगळ्या वर्गासमोर ते म्हणाले, ‘कोर्टातलं इंग्रजी कारकुनी असतं. वाङ्मयात चालत नाही.’ पोरं हसली. घरी येऊन मी एवढंच सांगितलं की सर नाही म्हणाले. का, ते सांगितलं नाही.

संमेलनाला आजोबा तिसऱ्या रांगेत होते, इस्त्रीचं धोतर नेसून. मी हात कपाळाला लावला आणि मागून कुणीतरी ओरडलं, ‘अगं, बाकाखाली हाय त्यो!’ मंडप खदाखदा हसला. बाकाखाली खरोखरच आमचा रोमिओ गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. आजोबा मात्र खाली बघत चष्मा पुसत होते.

तो रोमिओ आता आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असतो आणि अजून म्हणतो की सर बरोबर होते, ‘व्हेअर’ आहे म्हणजे कुठेच. त्याच्यासाठी इथेच लिहून ठेवते. पुढचीच ओळ वाच. बापाला नाकार, नाव टाकून दे, असं ती म्हणते. शोधणारं माणूस असं बोलतं का? रोमिओ खाली बागेत उभा आहे हे तर तिला ठाऊकही नाही. दोन घराण्यांचं वैर आहे, तिला डाचतं ते त्याचं नाव. आपण ज्याला त्याला ऐकवतो ते ‘नावात काय आहे’ याच भाषणातलं, दहाएक ओळींनंतरचं. इंग्रज अजून ‘व्हाइज अँड व्हेअरफोर्स’ म्हणतात, तिथेही का आणि का म्हणूनच. आणि कारकुनी म्हणाल, तर आपल्या सरकारी आदेशांतलं ‘ज्याअर्थी’ आणि ‘त्याअर्थी’ हे जोडपं मला आजही त्या सगळ्या वर्गापेक्षा शहाणं वाटतं.

तेव्हा तुमच्या शाळेत हे नाटक बसवणार असाल तर मुलीचा हात कपाळाकडे नेऊ नका. कठड्यावर राहू दे.

हो, एक राहिलंच. हे जुने शब्द असले तरी अभ्यासक ज्याला ‘जुनी इंग्रजी’ म्हणतात ती फार आधीची, साधारण नॉर्मन लोक इंग्लंडात येईपर्यंतची, म्हणजे १०६६ च्या आसपासपर्यंतची. शेक्सपिअर त्या मानाने कालचा. आणि व्हेन्सच्या आधी फ्रॉम लावू नये असं कुणी ठणकावून सांगितलं तर फार मनावर घेऊ नका. व्हेन्समध्येच ‘हून’ आहे हे खरं, कोशकार सॅम्युअल जॉन्सननेही १७५५ च्या इंग्रजी कोशात त्याला नावं ठेवलीत. पण १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘फ्रॉम व्हेन्स’ छापलेलं आहे.