वाचकांचे प्रश्न : शिणाण्यांना भाव का मिळत नाही?

प्रश्न : आमच्या महिला बचत गटाचे खाडीत बांबूच्या तराफ्यावर शिणाणे (हिरव्या कवचाच्या शिंपल्या, इंग्रजीत ‘मसल’) पालन आहे. माल चांगला येतो, पण मे महिन्यात व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागतो. शहरातील हॉटेलांना थेट विक्री करता येईल का? (एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर : करता येईल. मात्र आधी भाव का पडतो ते पाहू. पावसाळ्यानंतर खडकांवरचे बी (शिणाण्यांची लहान पिल्ले) काढून, नायलॉनच्या दोरीभोवती सुती मच्छरदाणीच्या कापडात गुंडाळून तुम्ही पाण्यात सोडता. काही दिवसांत कापड कुजून जाते आणि तोवर शिणाण्यांनी आपल्या तंतूंनी दोरी घट्ट धरलेली असते. पाच-सहा महिन्यांत माल तयार होतो. पण जोराच्या पावसाने खाडीचे पाणी गोडे झाले की शिणाणे मरतात, म्हणून सगळेच गट एकदम दोऱ्या वर काढतात आणि ही घाई व्यापाऱ्याला पक्की ठाऊक असते. केरळातील कासरगोड जिल्ह्यात महिला गटांनीच हे पालन वाढवले. हंगामाचा हा पेच त्यांच्यापुढेही आहे. त्यामुळे मोठे झालेले शिणाणे मार्च-एप्रिलपासून थोडे थोडे काढत जावे आणि शेवटी उरलेला माल उकडून, मांस सोडवून, गोठवून विकण्याची सोय आधीच करून ठेवावी.

हॉटेलाचा प्रश्न मात्र पाण्यापाशी येतो. शिणाणे पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे पाण्यातील जंतूही त्यांच्या अंगात साठतात. युरोपीय संघात १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय जिवाणूंचे प्रमाण २३० पर्यंत असेल, तरच अशा शिंपल्या थेट विकता येतात. त्याहून जास्त असल्यास त्या स्वच्छ समुद्री पाण्याच्या टाकीत शुद्ध कराव्या लागतात किंवा त्यांवर उष्णतेची प्रक्रिया करावी लागते. मुंबई-गोव्याचे हॉटेल एवढे काटेकोर विचारणार नाही कदाचित, पण एक गिऱ्हाईक आजारी पडले, तर साऱ्या खाडीचा माल बदनाम होईल, आणि त्याची झळ निर्दोष गटांनाही बसेल, याची मला खरी काळजी वाटते. टाकीने जड धातू वा शेवाळाचे विष जात नाही. म्हणून तराफ्याची जागा गटारे आणि बंदरापासून दूरच हवी.

टाकीचा खर्च एका गटाला झेपणारा नाही. एका खाडीतील गटांनी मिळून ती उभारावी, पाण्याची व मांसाची नियमित तपासणी करून घ्यावी आणि तो अहवाल हाती घेऊनच हॉटेलवाल्याशी भावाची बोलणी करावीत.