जुना एमडीबी डेटा, नवा प्रोग्राम

प्रश्न: दुकानाच्या हिशेबाचा व्हिज्युअल बेसिक 6 मधला प्रोग्राम त्याच संगणकावर डॉट नेटमध्ये आणला. डेटा प्रोग्राम फाइल्समधल्या एमडीबी फाइलमध्ये (ॲक्सेसच्या जुन्या डेटाबेस फाइलमध्ये) आहे. आधी ‘प्रोव्हायडर रजिस्टर केलेला नाही’ अशी एरर आली; आता प्रोग्राम चालतो, पण अलीकडच्या नोंदीच दिसत नाहीत. डेटा गेला का?

उत्तर: बहुतेक नाही. विंडोज व्हिस्टापासून प्रोग्राम फाइल्समध्ये साध्या युजरला लिहिता येत नाही. मॅनिफेस्ट (प्रोग्रामला कोणत्या परवानग्या लागतात हे विंडोजला सांगणारी नोंद) नसलेला जुना 32 बिट प्रोग्राम तिथे लिहू लागला, की विंडोज गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात फाइलची प्रत करून तिथे लिहिते. डॉट नेटच्या प्रोग्रामला मॅनिफेस्ट असल्याने तो थेट मूळ, शिळी फाइल उघडतो. संगणकावर दोन लॉगिन असतील तर प्रती दोन, आणि नोंदीही विभागलेल्या! प्रत्येक युजरचे फोल्डर तपासा.

जुना प्रोग्राम बंद करा, एलडीबी फाइल (डेटाबेस उघडा असेपर्यंत शेजारी दिसणारी लॉक फाइल) नाहीशी झाल्याची खात्री करा, मगच ताजी प्रत प्रोग्रामडेटामध्ये स्वतंत्र फोल्डर करून ठेवा. त्या फोल्डरावर युजर्सना ‘मॉडिफाय’ परवानगी द्या, नाहीतर नोंदी सेव्ह होणार नाहीत.

पहिली एरर जेट 4.0 मुळे, म्हणजे एमडीबी फाइल वाचणाऱ्या प्रोव्हायडरमुळे; त्याची 64 बिट आवृत्तीच नाही, आणि ‘एनी सीपीयू’चा प्रोग्राम 64 बिट विंडोजवर 64 बिट म्हणून चालतो. म्हणून प्रोजेक्टचे टार्गेट ‘एनी सीपीयू’ऐवजी ‘एक्स86’ (32 बिट) ठेवा.

रकमांसाठी व्हिज्युअल बेसिक 6 मधल्या ‘करन्सी’ या डेटा प्रकाराच्या जागी डॉट नेटमध्ये ‘डेसिमल’च घ्या, ‘डबल’ घेतल्यास पैशांची बेरीज कधीतरी चुकणारच.