मशीन विकण्याआधी ओव्हरटाइमचं रजिस्टर उघडा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रबाळेला वडिलांचा गाळा, बावीस माणसं, सुट्या भागांचं जॉबवर्क. कर्ज काढून व्हीएमसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं) मशीन घेतलं त्याला आठ महिने झाले, पण माल पूर्वीइतकाच निघतोय. ऑपरेटर म्हणतात, 'आपल्या जॉबला हे मशीन चालत नाही.' आता ते विकावं, की अजून पैसे घालून प्लॅनिंगचं सॉफ्टवेअर घ्यावं, आणि नव्या फिक्स्चरचं (मशीनवर जॉब घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाचं) पेटंट काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये अठरा वर्षं प्रॉडक्शन सांभाळलं आणि अशाच अडचणीत आम्ही सव्वा वर्ष काढलं. म्हणून आधी एवढंच सांगा : व्हीएमसी आल्यापासून तुमच्या ऑपरेटरच्या हातात महिन्याला किती पडतात, आणि आधी किती पडायचे?

हे का विचारतोय ते सांगतो. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल बनवणारे पुष्कळ कारखाने आहेत. डेव्हिड ॲटकिन, अमित खंडेलवाल, एरिक व्हरहूगन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी तिथे एक प्रयोग केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रेक्झिनच्या शीटमधून पंचकोनी तुकडे कापायची एक नवी डाय त्यांनी तयार केली. तेवढ्याच शीटमधून जास्त तुकडे निघायचे, माल वाया जाणं कमी व्हायचं. ही डाय त्यांनी ३५ कारखान्यांना फुकट दिली. सव्वा वर्षानंतर ती वापरणारे कारखाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. फायदा उघड दिसत असताना असं का व्हावं? कारण कापणाऱ्याला मजुरी नगावर मिळत होती. नव्या डायवर सुरुवातीला हात मंद चालायचा, म्हणजे त्याची कमाई घटायची, आणि वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मालकाच्या खिशात जायचा. मग तो मालकाला सांगायचा की डाय काही कामाची नाही. पुढे संशोधकांनी काही कारखान्यांमध्ये कारागिरांना सांगितलं की मालकासमोर नवी डाय नीट वापरून दाखवा, साधारण एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम एकदाच देऊ. तेवढ्यानं डायचा वापर ठळकपणे वाढला. मालकाच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ होती.

तुमच्या ऑपरेटरचं वाक्य आता पुन्हा वाचा.

आमच्याकडे नगावर मजुरी नव्हती, ओव्हरटाइम होता. पूर्वी एका जॉबला तीन मशीनं लागायची, रात्री आठपर्यंत काम चालायचं. व्हीएमसी आलं आणि तोच जॉब साडेपाचला संपायला लागला. मग काय, सेटिंगलाच, म्हणजे जॉब मशीनवर लावायलाच, दोन-दोन तास जाऊ लागले, इन्सर्ट (हत्याराची कापणारी टोकं) रोज तुटायला लागले. मी त्यांना कामचोर समजत होतो, आणि ते चुकीचं होतं. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, आमचे सर्वांत जुने ऑपरेटर घरी आले आणि म्हणाले, "साहेब, ओटीवर माझ्या खोलीचा हप्ता जातो. मशीन चाललं तर तो कुठून भरू?" त्यानंतर आम्ही मागच्या सहा महिन्यांतल्या कमाईची सरासरी काढली आणि वर्षभर तेवढी रक्कम हातात पडेल असं लेखी दिलं. शिवाय वाचलेल्या वेळात जो जादा माल निघेल त्यावर वेगळे पैसे. दोन महिन्यांत सेटिंग पाऊण तासावर आलं. वडिलांना हे पटवणं सोपं जाणार नाही, ठाऊक आहे. त्यांना बंद मशीनचा महिन्याचा हप्ता आणि ही रक्कम शेजारी-शेजारी लिहून दाखवा.

सॉफ्टवेअर सध्या नको. त्यासाठी सियालकोटपर्यंत जायची गरज नाही, आपल्या तारापूरकडे बघा. निकोलस ब्लूम, डेव्हिड मॅकेन्झी वगैरे अर्थतज्ज्ञांनी २००८ पासून तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांमध्ये प्रयोग केला. तेव्हा तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. काही कारखान्यांना पाच महिने सल्लागार दिले. त्यांनी शिकवलेल्या गोष्टी अगदी साध्या : दोष रोज लिहायचे, मशीन का बंद पडलं ते नोंदवायचं, सुताचा साठा मोजून लेबल लावून ठेवायचा, जमीन स्वच्छ ठेवायची. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. हे आधीच का केलं नव्हतं? काही पद्धती मालकांना माहीतच नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांचा आपल्याला काही उपयोग नाही असं ते धरून चालले होते. आणि कारखाना किती मोठा होणार, हे बरंचसं घरात कर्ते पुरुष किती यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या माणसाच्या हाती निर्णय द्यायची तयारी नव्हती. काही वर्षांनी संशोधक परत गेले, तेव्हा शिकवलेल्यातल्या साधारण निम्म्या पद्धती सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला की बऱ्याचदा त्या सुटत. तरीही हे कारखाने इतरांपेक्षा पुढेच होते. तुमच्याकडे इन्सर्ट बदलायलाही वडिलांची किंवा काकांची सही लागते, असं तुम्हीच लिहिलंय. ती सही शिफ्टच्या सुपरवायझरकडे द्या. दोनशे पानी वही आणा, मशीन कधी थांबलं आणि कशामुळे, एवढंच तीन महिने लिहा. त्यानंतर सॉफ्टवेअरचं बघू.

आठ महिने म्हणजे उशीर झाला असंही समजू नका. अमेरिकेत वीज कारखान्यांत आली १८८० च्या दशकात, पण उत्पादकतेत तिचा मोठा परिणाम दिसला १९२० च्या दशकात. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये याची संगती लावली. सुरुवातीला लोकांनी वाफेचं इंजिन काढून तिथे एक मोठी मोटर बसवली. सगळ्या मशीनना ताकद पोचवणारे शाफ्ट आणि पट्टे तेच ठेवले. प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर आली, आणि मशीनं कामाच्या क्रमानं मांडता आली, तेव्हा फरक पडला. तुमचं व्हीएमसी जागा होती म्हणून दारापाशी ठेवलंय आणि कच्चा माल मागच्या कोपऱ्यात. तेवढं आधी बदला.

पेटंटचं थोडक्यात. अर्ज केला की साधारण दीड वर्षात रेखाटन जगजाहीर होतं, आणि तुमचं फिक्स्चर तर गाळ्याबाहेर जातच नाही. अमेरिकी उत्पादकांच्या मोठ्या पाहण्यांमध्येही बहुतेक उद्योगांनी पेटंटपेक्षा गुप्तता आणि बाजारात आधी पोचणं जास्त उपयोगी ठरवलंय. पण गुप्तता माणसांच्या डोक्यात असते. ते फिक्स्चर तुमच्याच एका ऑपरेटरला सुचलं, असं तुम्ही लिहिलंय. त्याला काय दिलंत? शेजारच्या पावणे गावातल्या एखाद्या गाळ्यानं महिन्याला दोन हजार जास्त देऊ केले, तर फिक्स्चर त्याच्याबरोबर जाईल. बोलणी त्याच्यापासून सुरू करा.

मागच्या वर्षभराचे ओव्हरटाइमचे आकडे आणि व्हीएमसीचे एका आठवड्याचे स्पिंडल (हत्यार फिरवणारा भाग) चालू असलेले तास इथे टाका. नावं काढून टाका. मी रविवारी बसून बघतो.