शेडचा दर विचारण्याआधी

नाशिककडच्या अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत आपण पहिलीच पीईबी शेड (म्हणजे कारखान्यात सुटे भाग तयार करून जागेवर जोडलेली पोलादी शेड) उभारत असाल, तर चौरस फुटाचा दर विचारण्याआधी आत नेमके काय चालणार आहे ते लिहून काढावे. क्रेन आज नको असली तरी पुढे लागणार असेल, तर तिचा भार आराखड्यातच धरावा लागतो, कारण उभ्या खांबाला मागाहून ब्रॅकेट जोडणे फार महागात पडते.

इमारतींवरील भारांचे भारतीय मानक असलेल्या आयएस 875 च्या तिसऱ्या भागात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर दिलेला आहे. हा आकडा प्रत्येक कोटेशनमध्ये सारखा आहे का, हे तपासल्याशिवाय दरांची तुलना करू नये.

पत्र्याच्या बाबतीत ‘0.50 मिमी’ एवढ्यावर समाधान मानू नये. ती जाडी लेप आणि रंगासह असेल, तर आतले पोलाद साधारण 0.45 मिमीच भरते, आणि स्वस्त दराचे रहस्य बहुधा इथेच दडलेले असते.

काळी माती पावसात फुगते व उन्हात भेगाळते, म्हणून माती परीक्षणाशिवाय पाया खोदू नये. माझ्या शेडच्या वेळी पायाच्या कंत्राटदाराने टेम्प्लेट (बोल्ट जागेवर धरणारा साचा) न लावता खांब पायाला जखडणारे अँकर बोल्ट बसवले, ते बोटभर सरकले, आणि खांब ट्रेलरवर असताना आम्ही त्यांच्या तळाच्या बेसप्लेटची भोके गॅसने वाढवत बसलो. काँक्रीट ओतण्याआधी शेडच्या पुरवठादाराच्या माणसाकडून मापे तपासून त्याची सही घ्यावी.