सुट्टी इंदूरला, मुक्काम एकाच घरी

टोरंटोहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. सासर इंदूरचं, माहेर पुण्याचं, दोन मुलं शाळकरी. जुलै-ऑगस्टमध्ये सगळ्यांनी यायचं ठरतंय. चौघांच्या विमानातच बरीचशी शिल्लक जाते, आणि मुलांना आग्रा, जयपूर, गोवा सगळंच दाखवायचं आहे. हात कुठे आखडता घ्यावा, हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा त्यांनी चाचरतच विचारलाय: सासूबाई घरखर्चाला एक रुपया घेत नाहीत, त्याचं काय करायचं?

पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर काहींना आवडणार नाही. आग्रा, जयपूर, गोवा यंदा सोडून द्या. परदेशातून येणाऱ्या कुटुंबाचा पैसा मोठ्या विमानात जातो तो जातोच, तिथे फार काही करता येत नाही. बाकीचा जातो तो गावं बदलण्यात. प्रत्येक नव्या गावाला चार तिकिटं, हॉटेलच्या दोन खोल्या, बॅगांसाठी मोठी गाडी आणि तिन्ही त्रिकाळ बाहेरचं जेवण. शिवाय जुलैत आग्र्याला घामाने जीव जातो आणि गोव्याला खवळलेल्या समुद्रात मुलांना उतरवता येत नाही. माळव्यात, म्हणजे इंदूरच्या मुलखात, मात्र हेच दिवस सोन्याचे. जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की मे महिन्यातली चाळीस-बेचाळीस अंशांची भट्टी विझते, संध्याकाळी गच्चीवर बसवतं. इंदूरला मुक्काम टाका आणि तिथूनच फिरा. माहेरी मात्र आठ-दहा दिवस जाऊन याच. ते काही पर्यटन नव्हे, त्यात काटकसर नको.

तिकिटाचं एकच सांगते. टोरंटो ते इंदूर असं सलग एकाच तिकिटावर काढा. मुंबई किंवा दिल्लीपर्यंतचं वेगळं आणि पुढचं वेगळं काढलं की देशांतर्गत विमानात माणशी साधारण पंधरा किलोच सामान चालतं. तुमच्या तेवीस-तेवीस किलोच्या बॅगांच्या जादा वजनाचे पैसे भरताना स्वस्त तिकीट महाग होऊन बसतं. मुंबईत थांबणारच असाल तर अवंतिका एक्सप्रेस आहे. संध्याकाळी मुंबई सेंट्रलला बसा, सकाळी इंदूर. रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं चार महिने नाही. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमची सुट्टी सुरू होते तेव्हा इथल्या चुलत-आत्ते भावंडांच्या शाळा उघडलेल्या असतात. ती सकाळी जातात, दुपारी दमून येतात, मग ट्यूशन. तुमची मुलं दिवसभर मोबाइल घेऊन बसली की आजीला वाटतं, यांना आपलं घर आवडत नाही. म्हणून बाहेरगावच्या सहली मंगळवार-बुधवारी उरका आणि शनिवार-रविवार भावंडांसाठी राखा. यात पैसेही वाचतात, कारण पावसाळ्यात मांडूला, म्हणजे जवळच्या जुन्या गडावरच्या गावाला, शनिवार-रविवारी सगळं इंदूर लोटतं आणि खोल्यांचे भाव चढतात. पंधरा ऑगस्टची आणि राखीची सुट्टी भावंडांबरोबरच घालवा.

सहल एकच नीट करा: मांडू आणि नर्मदाकाठचं महेश्वर, दोन रात्रींची, तिन्ही दिवसांना मिळून एक गाडी ठरवून. मांडू इंदूरहून शंभरेक किलोमीटर. तिथला जहाज महल मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मधोमध बांधलाय. तलाव भरलेले असतात तेव्हाच त्याला जहाज का म्हणतात ते मुलांना न सांगता कळतं. माळव्याचा सुलतान होशंगशाह याचा संगमरवरी मकबरा, रूपमती मंडप, आणि रस्त्याच्या कडेला ते फुगलेल्या बुंध्यांचे गोरखचिंचेचे वृक्ष. आफ्रिकेतलं हे झाड इथे शेकडो वर्षांपासून आहे. त्याला इथे मांडूची इमली म्हणतात आणि फळं टोपलीत मांडून विकतात.

इथे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसांचं) विसरू नका, घरच्या कपाटात ठेवून निघू नका. मांडूत तीन ठिकाणी पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं. प्रत्येक ठिकाणी भारतीयाला २५ रुपये आणि परदेशी नागरिकाला ३००. ओसीआय कार्डधारकाला भारतीयाचाच दर लागू आहे. पण खिडकीवरच्या माणसाला कार्ड दाखवलंत तरच. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. देशांतर्गत विमानभाड्यातही ओसीआयवाल्यांना भारतीयांचाच दर आहे. मुलांचे पासपोर्ट नवे झाले असतील तर त्यांची प्रत आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर चढवून या, त्याला शुल्क नाही.

महेश्वरला मुलांना अहिल्याबाईंचा वाडा दाखवा. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार जिथून चालला ती गादी किती साधी आहे ते त्यांनी डोळ्यांनी बघावं. १७९५ साली त्या गेल्या, त्यांच्या काळात महेश्वर हीच राजधानी होती. किल्ल्याच्या आसपास हातमाग चालू असतात. मागावर माहेश्वरी साडी उतरताना बघायला पैसे पडत नाहीत. एखादी घ्यायची तर तिथेच घ्या. घाटावर पाणी चढलेलं असलं तर नावेत बसू नका, कितीही आग्रह झाला तरी. ओंकारेश्वर जोडायचं असेल तर आधी चौकशी करा, नर्मदेला पूर आला की वाटेतल्या मोरटक्क्याच्या पुलावरची वाहतूक थांबवतात. उज्जैन जवळ आहे, तासा-दीड तासाचं. पण श्रावणातला सोमवार टाळा. आणि लक्षात ठेवा, उज्जैनचा श्रावण आपल्या कालनिर्णयातल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो.

बाकी दिवस इंदूरच पुरेसं आहे. सकाळी पोहे-जलेबी, पोह्यांवर जिरावण हा इंदुरी मसाला. रात्री सराफा बाजार. दागिन्यांची दुकानं मिटली की तिथे खाण्याची लागतात, तेव्हा जेवून जाऊ नका. भुट्ट्याचा कीस पावसाळ्यातच खावा, कणसं तेव्हाच कोवळी असतात. गराडू, म्हणजे तळलेला कंद, शोधू नका, तो थंडीतला. पहिला आठवडा मुलांना गरम तेवढंच द्या, पाणी उकळलेलं. येण्याआधी टायफॉइडची लस आणि प्रवासी विमा करून घ्या, यात पैसे वाचवू नका. सानंद या इंदूरच्या संस्थेचं मराठी नाटक त्या दिवसांत असेल तर मुलांना घेऊन जा. महाराष्ट्राबाहेर मराठी कशी नांदते ते त्यांनाच जास्त कळेल, तीही बाहेरचीच आहेत. ठेलेवाले सगळे यूपीआयवर घेतात. तुमचं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं) खातं असेल तर कॅनडाच्या नंबरावरही यूपीआय चालू होऊ शकतं, बँकेला आधीच विचारा.

आता सासूबाई. पाकीट पुढे केलंत तर त्या दुखावतील, त्यांच्या जागी मीही दुखावले असते. पण चार माणसं महिनाभर राहिली की दूध, गॅस, एसीचं बिल दुपटीवर जातं, आणि पेन्शनीत ते बोचतं. तेव्हा पैसे देऊ नका, खर्च उचला. आल्या दिवशी नवऱ्याला किराण्याच्या दुकानात पाठवून महिन्याची यादी भरून टाका. त्या महिन्याचं लाइटबिल मोबाइलवरून परस्पर भरा. मुख्य म्हणजे पोळ्यावाल्या बाईंना महिनाभर दोन्ही वेळा बोलवा आणि त्यांचा पगार तुम्ही द्या. सत्तरीतल्या बाईला सहा-सात माणसांच्या पोळ्या लाटायला लावून झालेली काटकसर मला मान्य नाही. हे सगळं यायच्या आधी नवऱ्याने आईशी फोनवर बोलावं, सुनेने नव्हे. मुलगा म्हणाला, "आई, हे महिनाभराचं माझ्याकडे," तर त्या थोडं रागावतील आणि मान्य करतील.