विशेषणं पुसून टाक, काम लिही

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

लिंक्डइनवर सोलापूर काढून पुणे टाकू का, म्हणून विचारलंस. टाकू नकोस. उद्या फोन आला, ‘चार वाजता ऑफिसला या’ म्हणाले, तर काय करशील? पुण्यात नोकरी हवी हे सांगायची जागा वेगळी आहे. ‘ओपन टू वर्क’मध्ये कामाचं ठिकाण विचारतात, तिथे पुणे, इचलकरंजी, काय हवं ते घाल. इथल्या चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन आहे, आणि टॉवेलच्याच धंद्यात राहून तू गाव लपवायला निघालीस!

अडचण गावाची नाहीच. तुझी हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ, बघ: ‘मेहनती, उत्साही, नव्या संधीच्या शोधात’. माणसं शोधणारा ‘मेहनती’ टाइप करतो होय? तो ‘टेरी टॉवेल’, ‘क्वालिटी’, ‘इन्स्पेक्शन’ टाकतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत दिवसभर तू हेच करतेस आणि प्रोफाइलवर यातलं अक्षर नाही. हेडलाइनला २२० अक्षरं मिळतात, पण शोधाच्या यादीत शेपूट कापलं जातं, म्हणून माल आणि काम आधी: ‘क्वालिटी कंट्रोल, टेरी टॉवेल | जीएसएम, शेड मॅचिंग, फायनल इन्स्पेक्शन’. बस्स. विशेषण नको, काम लिही.

अनुभवात ‘गुणवत्तेची जबाबदारी सांभाळली’ एवढंच. कसली जबाबदारी? ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम) टॉवेल काट्यावर ५६२ ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. हलका भरला की लूमवर पाइलची (टॉवेलवरच्या फासांची) उंची बघायला लावणारी तूच ना? मग तसं लिही. रोज किती पीस तपासतेस, कशावरून माल बाजूला काढतेस (सुटलेली पाइल, तेलाचा डाग, शेडमधला फरक, तिरकी शिलाई), धुतल्यावर किती आटतो, रंग जातो का, माल रेपिअर या नव्या मागाचा की साध्या लूमचा. चार-पाच ओळी पुरेत, जमेल तिथे आकडा. आकडा रजिस्टरमधला हवा, अंदाजाचा नको. मुलाखतीत बोट तिथेच ठेवतात. बायरचं नाव टाकू नकोस, ‘निर्यातीचा माल’ म्हण. पद पगारपत्रकावर आहे तेच. ‘मॅनेजर’ लिहिलंस तर अनुभवपत्र मागितल्याबरोबर उघडं पडेल.

‘अबाउट’ला २,६०० अक्षरं आहेत, सगळी भरायचा नवस केलेला नाही. ‘सी मोअर’च्या आधी जेमतेम दोन-तीन ओळी दिसतात, त्यात पुन्हा तेच: काम. स्किल्समधलं ‘लीडरशिप’, ‘टीमवर्क’ पूस. दहा-पंधरा खरी ठेव आणि ती अनुभवाला जोड. फोटो लग्नातला कापलेला दिसतोय, शेजारणीचा खांदा राहिलाय. भिंतीपुढे उजेडात दुसरा काढ.

तुला हे फार रुक्ष वाटेल. वाटू दे, मी हट्ट सोडणार नाही. आपल्याकडची पोरं केलेलं काम सांगायला लाजतात आणि स्वतःला ‘पॅशनेट’ म्हणवून घ्यायला अजिबात लाजत नाहीत. याचा मला खरंच राग येतो. तुझा नाही गं, या सवयीचा.

बदल करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्कला सूचना जाणं बंद कर. ‘ओपन टू वर्क’ला ‘फक्त रिक्रूटर्स’ निवड. दुसऱ्या पर्यायात फोटोभोवती हिरवं कडं येतं आणि ते शेठलाही दिसतं. पहिल्या पर्यायातही लिंक्डइन पुरत्या गुप्ततेची हमी देत नाही, तेव्हा शेठनी विचारलंच तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेव.

हेडलाइन बदललीस की मला पाठव.